आवाहन : पळसनाथ पाण्याबाहेर येण्याआधी

समस्त पळसदेवकर, पुण्या-मुंबईची मंडळी आणि माहेरवाशिणी,

स. न. वि. वि.

उजनी धरणाचा साठा उतरणीला लागला आहे. धरण उण्यात गेलं (म्हणजे वापरायचा साठा संपून तळाचा मृतसाठाच उरला) आणि उतरतच राहिलं, की धरणात बुडालेल्या आपल्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं, मग मंडप. मंदिर मोकळं होतं ते काही आठवडेच, तेही दुष्काळी साली. पाऊसकाळ चांगला झाला तर देव पाण्यात, नाही झाला तर ऊस वाळणार. देवाच्या कामासाठी दुष्काळ यावा असं आपल्यापैकी कुणीच म्हणणार नाही. पण आलाच, तर त्या वेळी शिखराच्या डागडुजीसाठी वर्गणी मागत फिरायची पाळी नको, म्हणून हे पत्र आत्ताच.

२०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, तेव्हाचं काम आठवलं की आजही ऊर भरून येतो. भोई बांधवांनी होड्या दिल्या आणि डिझेलचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. भजनी मंडळाने नव्या पखवाजासाठी साठवलेले पैसे आपण न मागता काढून दिले (पखवाज अजून जुनाच आहे, हे काकड्याला ऐकू येतंच). शाळेच्या पोरांनी घमेल्या-घमेल्याने गाळ उपसला, गाळात रुतलेले वीरगळ धुऊन ओळीने उभे केले. वीटभट्टीवाल्या दाजींनी सगळ्यांना दोन्ही वेळचं जेवण घातलं, वर स्वतः वाढायला उभे राहिले. आणि जुन्या गावातल्या आपल्या आज्या! कुठे कुणाचा वाडा, कुठे पार, कुठून पालखी निघायची, हे त्यांनी चिखलात उभं राहून बोटाने दाखवलं. त्यांचे ऋण पावतीपुस्तकात मावणारे नाहीत.

आता थोडं कडू. त्याच दिवसांत बाहेरून रोज गाड्या येत होत्या. ड्रोन उडाले, शिखरावर चढून फोटो निघाले, प्लॅस्टिकच्या बाटल्या मात्र गर्भगृहात राहिल्या. आपल्याच ग्रुपवर त्या फोटोंना अंगठे पडले, पण जमाखर्चाच्या सभेला जेमतेम चटई भरली. सरकारदरबारी धाडलेल्या पत्रांची पोचही आली नाही. असो.

शिखर विटांचं आहे, चुन्यात बांधलेलं. धरण १९८० साली पूर्ण झालं, तेव्हापासून ते भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं. खरं नुकसान होतं ते पाणी अर्ध्यावर असताना. लाटा थेट शिखरावर आपटतात, सांध्यांतला चुना धुऊन निघतो आणि वीट सुटते. यावर काही जण सिमेंटच्या गोण्या द्यायला तयार आहेत. त्यांच्या भक्तीला नमस्कार, पण सिमेंट नको, ऑइलपेंट तर मुळीच नको. सिमेंट जुन्या विटेला कोंडतं, ओल आत राहते आणि वीट भुगा होते. आपल्याला चुना हवा, विटेची सुरखी (कुटलेल्या विटांची पूड) हवी, आणि ते काम जाणणारा गवंडी. जुनं बांधकाम ओळखणारा तज्ज्ञ आधी पाहून जाईल आणि लागतील त्या परवानग्या हातात आल्यावरच थापी लागेल.

दुसरी गरज लाइफ जॅकेटांची. मे २०२४ मध्ये उजनीच्याच कुगाव-कळाशीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने होडी उलटली, ६ जीव गेले. त्यानंतर जॅकेटाशिवाय कुणालाही होडीत घ्यायचं नाही असं ठरलंय. एके काळी पोहत मंदिरावर जाणाऱ्या थोरल्यांनाही हाच नियम.

देणगी रोख वा फोनवरून खजिनदारांकडे, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. चुना, दोर, ताडपत्री, जेवणाचा शिधा चालेल. श्रमदानाची नावं पाडव्याच्या आत. हिशेब फळ्यावर लागेल. देणगीदारांची पाटी मंदिरावर लागणार नाही, कृपया आग्रह नको. यंदा पाणी उतरलं नाही तर रक्कम बँकेत पुढच्या वेळेसाठी राहील, परत हवी त्यांना परत मिळेल.

आपला,
सचिव

ता. क. मागच्या वेळी नेलेली एक पहार आणि काही घमेली अजून परत आलेली नाहीत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी गुपचूप देवळाच्या ओट्यावर आणून ठेवावीत, कुणी विचारणार नाही.