आवाज फुटतो तेव्हा

संपादक महोदय,
सुट्टी लागली की ‘महिन्याभरात स्टेजवर गा’ अशा जाहिराती सुरू होतात. गेल्या वर्षी अशाच एका वर्गातून तेरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. आवाज फुटण्याचं वय. तरी कॅराओके ट्रॅकची पट्टी (म्हणजे गाण्याचा ‘सा’ किती उंच धरायचा ते) बदलायची नाही म्हणून त्याच्याकडून तार सप्तकातल्या, म्हणजे वरच्या स्वरांतल्या, ओळी घोटून घेतलेल्या. ‘सा’ लावायला सांगितला, तर मानेच्या शिरा ताठ आणि आवाजाच्या जागी नुसती हवा. घशाच्या डॉक्टरांना दाखवून आधी विश्रांती दिली. मग काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) ‘सा’ धरून मंद्रात, म्हणजे खालच्या स्वरांत, गुणगुणणं, एवढंच चार महिने. आईला वाटलं, बाई फी घेतात आणि शिकवत काही नाहीत!

थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं सामान्य घरात पोहोचावं आणि गवयाला मान मिळावा म्हणून. आज प्रमाणपत्र हाती असलेले काही जण रागाची माहिती घडाघडा सांगतात, पण तानपुरा जुळवायला ॲप लागतं. माइकपासून किती अंतर ठेवायचं, मॉनिटरमध्ये (गायकाकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज किती घ्यायचा, सर्दी असताना कार्यक्रमाला नाही कसं म्हणायचं, मानधन आधी कसं ठरवायचं, हे कोण शिकवणार? (मानधनाचं मीही उशिराच शिकले.)

पालकांनी प्रवेश घेताना एवढंच विचारावं : मुलाची पट्टी कोणती, आणि ती कशी ठरवली?

– एक गायनशिक्षिका, सांगली