ढेपेची बुरशी आणि बाइंडरची माती

महोदय,

परतीचा पाऊस झाला की जळगाव-धुळ्याकडच्या गोठ्यांत सरकीची ढेप आणि मक्याचा भरडा कुबट वास मारू लागतो. मग ‘टॉक्सिन बाइंडर’, म्हणजे खाद्यातलं बुरशीचं विष धरून ठेवणारी, म्हणून मातीची पोती विकायला येतात. ही माती थोतांड नाही. पण विकणारा निम्मंच सांगतो.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या मृदाशास्त्रज्ञांनी स्मेक्टाइट चिकणमातीवर यासाठी बरंच काम केलं आहे. या मातीचा एकेक थर साधारण 1 नॅनोमीटर जाडीचा. अफ्लाटॉक्सिन बी-1 या बुरशीच्या विषाचा चपटा रेणू दोन थरांच्या फटीत शिरतो, तिथल्या कॅल्शियमसारख्या आयनांना आणि त्यांच्याभोवतीच्या पाण्याला चिकटतो आणि शेणावाटे निघून जातो. मात्र विकताना या मातीचं नाव बेंटोनाइट एकच असलं तरी खाणीगणिक धरण्याची ताकद बदलते. शिवाय मक्यातलं फ्युमोनिसिन हे दुसरं विष तिला फारशी दाद देत नाही.

आपली काळीही स्मेक्टाइटचीच, मग बांधावरचं ढेकूळ का नको? तिच्यात चुनखडी, रेती, कुजलेला पाला आणि कपाशीवरच्या फवारणीचे अवशेष असतात. गव्हाणीत ती जाता कामा नये.

हिशेब असा: किलोला 100 मायक्रोग्रॅम बी-1 असलेलं 5 किलो खाद्य म्हणजे 500 मायक्रोग्रॅम. त्यातलं 2 टक्के जरी गायीच्या शरीरात एम-1 (बी-1 पासूनच बनणारं विष) होऊन दुधात उतरलं, तर 10 लिटरच्या गायीच्या दुधात लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम. आपल्याकडची मर्यादा 0.5. दूध उकळून ते जात नाही. वाईट खाद्य थांबवलं तर दुधातलं प्रमाण तीन-चार दिवसांत कमी होतं.

पोत्यातली माती थेट ढिगावर टाकली की एका गायीला मूठभर जाते, दुसरीला काहीच नाही. आधी दोन किलो कोंड्यात कालवा, मग तो कोंडा सगळ्या खाद्यात. युरोपात कमाल मर्यादा किलो खाद्याला 20 ग्रॅम माती अशी आहे. त्याआधी मका 12-13 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, ढेपेची पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब रचा. बुरशीचा थर खरवडून उरलेलं खाऊ घालणं ही फसवणूकच, विष आत पसरलेलं असतं. तपासणीसाठीही पाच-सहा पोत्यांतून थोडा-थोडा नमुना घ्या, एका मुठीवर भरवसा नको.

पोतं घेताना बी-1 किती टक्के धरते याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. युरोपात 90 टक्क्यांच्या वर लागतं. टायलोसिनसारखं अँटिबायोटिक तोंडावाटे चालू असेल तर माती बंद ठेवा, ती औषधही धरून बसते.

— एक पशुवैद्य, पारोळा