पहिलं ऑस्कर कोणाचं?

महोदय,

कालच्या पुरवणीतली ऑस्करवरची चौकट वाचली. 'पहिले भारतीय ऑस्करविजेते : सत्यजित राय, १९९२.' चहा तसाच निवला.

राय यांच्याविषयी मला किती आदर आहे हे लिहायला हा कागद पुरणार नाही. पण त्यांचं ऑस्कर मानद. त्याच्या नऊ वर्षं आधी, १९८३ मध्ये, 'गांधी'च्या वेशभूषेसाठी भानू अथैया यांनी जॉन मोलो यांच्या जोडीनं ते मिळवलं होतं. बाई कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. मराठी दैनिकाला हे वाचकानं कळवावं लागतं, याची गंमत वाटून घ्यावी की लाज, ते आपणच ठरवा.

एवढं चिडायला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या प्रश्नमंजूषेत शेवटचा प्रश्न हाच होता. मी छातीठोकपणे 'भानू अथैया' म्हणालो. सूत्रसंचालक पोरगा हसला, "काका, जरा आठवून सांगा." मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानं खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं, माइकवर वाचलं, आणि थर्मास समोरच्या गटाला गेला. (थर्मासचं काही नाही. तरी.) शाळेपासून मी पुरस्कारांच्या वह्या ठेवतो, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक 'श्यामची आई'ला, इथपासून. घरी येऊन पाहिलं तर सालासकट नोंद होती. पण वही कोण बघतो? छापलेलं ते खरं. कात्रण कुठल्या दैनिकाचं होतं, ते आता उकरत नाही.

त्याच पानावर, भारतानं पाठवलेल्या चित्रपटांना आपण सरसकट 'नामांकन' वाटून टाकलंत, 'श्वास'लाही! त्याच्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, पण नामांकन काही मिळालं नाही. परभाषिक चित्रपटांच्या विभागात ते तिघांनाच मिळालं : 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. स्थळाकडे पत्रिका पाठवली म्हणून कुणी मांडव घालतं का?

जाता जाता आणखी एक. सिनेमा संपून नावं सुरू झाली की थिएटरवाले दिवे लावतात आणि झाडूवाले आत येतात. वेशभूषा कोणाची, ते तिथंच येतं हो!

असो. दुरुस्ती छापाल तेव्हा कोपऱ्यात का होईना, पण वाचता येईल अशा टायपात छापा. मला कात्रण ठेवायचं आहे. खिशात.

आपला,
एक जुना वाचक