पासवर्ड टाकताना पाठ फिरवणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

चार दिवस झाले, तरी तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानातली ती खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नाही. कीबोर्ड माझ्यापुढे सरकवलात, "आता तुम्ही टाका" म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. मेमरी कार्डाच्या कुलपाचा पासवर्ड दोनदा टाकायचा होता, दोन्ही जुळेनात, पुन्हा सुरुवात करावी लागली. तुम्ही एकदाही वळून पाहिलं नाहीत. "झालं का?" एवढंच विचारलंत, तेही भिंतीकडे बघत.

आधीच्या दुकानात पासवर्ड पावतीच्या मागे लिहून मागितला होता. माझं जुनं मेमरी कार्ड फोनची अंतर्गत मेमरी म्हणून फॉरमॅट केलेलं होतं. अशा कार्डावरचा माल कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली फोनमध्ये असते, कार्डात नसते. त्यांनी काही न विचारता फोन रीसेट केला, किल्ली पुसली गेली, आणि वर सांगितलं, "कार्ड खराब झालंय, नवीन घ्या." कार्ड ठणठणीत होतं. चादरींची डिझाइनं मात्र गेली. ती परत येणार नाहीत, हे तुम्ही पाच मिनिटांत स्पष्ट सांगितलंत. खोटी आशा दाखवून पैसे काढले नाहीत. जुन्या कॉम्प्युटरवर जे उरलं होतं, ते वाचवायला बसलात.

जेकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचं, डिझाइन पूर्वी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असायचं. ती माळ खिशातून पडण्यातली नव्हती. आता सगळं १५ बाय ११ मिलिमीटरच्या तुकड्यावर मावतं. तो इथे सोलापुरात सात रस्त्याला रिक्षात पडला, तर डिझाइनं, गिऱ्हाइकांचे हिशेब, सगळं उचलणाऱ्याच्या हाती. म्हणून तुम्ही काय केलंत ते इथे लिहिते. आपल्याकडच्या प्रत्येक कारखानदाराच्या ते उपयोगी पडेल.

नवं ६४ जीबीचं कार्ड तुम्ही आधी एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रामने काठोकाठ भरलंत आणि पूर्ण वाचून घेतलंत. तासाहून जास्त वेळ गेला, पण ती घाई करण्याची जागाच नव्हे. नकली कार्डात छोटी चिप स्वतःला मोठी सांगते. कॉपी बिनतक्रार होते, फाइलींची नावंही दिसतात, उघडायला गेलं की आत कचरा. मग कार्डाचा फॉरमॅट एक्सफॅट ठेवलात, कारण जुन्या फॅट३२ फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि आपली व्हेराक्रिप्टची तिजोरी, म्हणजे त्या प्रोग्रामने केलेली पासवर्डच्या कुलपातली एकच मोठी फाइल, होती ४० जीबीची. कुलूप आधी, माल नंतर, हा तुमचा हट्ट योग्यच. कार्डाचा कंट्रोलर लिहिताना जागा बदलत राहतो, त्यामुळे एकदा उघड्यावर ठेवलेली फाइल डिलीट केली तरी चिपमध्ये कुठेतरी राहू शकते.

पासवर्ड २० अक्षरांहून मोठा, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत, म्हणजे कुठल्याही कीबोर्डवर टाकता येतील. तो विसरला तर कंपनी नाही, पोलीस नाही, कुणीच उघडून देत नाही. तो लिहिलेला कागद पाकिटात, आणि पाकीट कार्डापासून लांब. तिजोरीच्या हेडरची, म्हणजे ती उघडायला लागणाऱ्या सुरुवातीच्या भागाची, प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर, कारण हेडर बिघडला की बरोबर पासवर्डही चालत नाही. व्हेराक्रिप्टची पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, प्रत कार्डावरच तिजोरीबाहेर ठेवलीत. विंडोजवर ती चालवायला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो, हेही बजावलंत.

आणि शेवटची तपासणी. तिजोरी बंद केली, कार्ड इजेक्ट करून काढलं, शेजारच्या कॉम्प्युटरला लावलं आणि मगच एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, मूळ फाइलीशी जुळवला. न काढता तपासलं असतं तर कॉम्प्युटरने आपल्याच मेमरीतली प्रत वाचून "बरोबर" म्हटलं असतं. त्यावर तुमचं समाधान झालं नाही. एक मोराचं डिझाइन उघडायला लावलंत, कडेची वेल नीट दिसते का विचारलंत. काय सांगू दादा, ती वेल पाहिली आणि भरून आलं.

हातात कला असलेली माणसं सोलापुरात पुष्कळ आहेत. दुसऱ्याचं उघडं पडलेलं असताना नजर फिरवणारी कमी, आणि तीच आपल्याला धरून ठेवतात. आईने साडी सावरेपर्यंत दाराबाहेर थांबणारे आमचे डॉक्टर तसे होते. त्यांची आठवण झाली.

दुसरं कार्ड, वेगळ्या कंपनीचं, बार्शीला बहिणीकडे पोचलं आहे. घरचं कार्ड लोखंडी कपाटात ठेवलंय, कारखान्यात पत्र्याखाली नाही. मे महिन्यात तिथे हात ठेववत नाही, आणि तापलेल्या चिपमधला चार्ज लवकर गळतो हे तुमच्याकडूनच कळलं. सहा महिन्यांनी तपासायचं म्हणालात. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत दोन्ही कार्डं घेऊन येते.