मागल्या बाकावरच्या बॅटरीचे आभार

आदरणीय आबा यांस,
सादर नमस्कार, वि. वि.

‘सौभद्र’चा प्रयोग होऊन आज नऊ दिवस झाले. पडदे गुंडाळून झाले, भाड्याने आणलेले मुकुट परत गेले, मुलांच्या गालांवरचा दाढीमिशांचा गोंदही एव्हाना निघाला असेल. तरी तुम्हांला दोन ओळी लिहायला बसले की माझा हात थांबतो. समोर येऊन आभार मानावेत, तर तुम्ही ‘हें कितें गो नवें’ म्हणून विषय गळक्या कौलांवर नेणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र उघडपणे, चार माणसांच्या देखत लिहिते आहे.

तुमच्या अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या, पायऱ्या चढण्यापूर्वी आम्ही दोन दारे ठोठावली होती, हे मी तुम्हांला तेव्हा सांगितले नव्हते. पहिल्या ठिकाणी वातानुकूलित सभागृह होते. त्यांनी तारीख दिली, अनामत घेतली आणि प्रयोगाला तीन आठवडे उरलेले असताना त्या दिवशी कोणाचा तरी सत्कार ठरल्याचे कळवले. अनामत अजून आलेली नाही. दुसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी चहा दिला आणि ‘मुलांचेच आहे ना, मग पदे ध्वनिमुद्रित करून लावा, दीड तासात आटपा’ असा सल्लाही दिला. हीच मंडळी दरवर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाच्या व्यासपीठावर, तरुण पिढी संगीत नाटकाकडे वळत नाही म्हणून हळहळतात. सोळा ते बावीस वर्षांची एकोणीस मुले ‘सौभद्र’ करायला निघाली होती. ती वळली होती, आबा, फक्त उभे राहायला जागा मागत होती.

तुम्ही काहीच विचारले नाहीत. देवस्थानाच्या महाजनांशी काय बोललात, कोणाकोणाची समजूत काढलीत, हे मला आजही नीट माहीत नाही. दुसऱ्या दिवशी अग्रशाळेचे दार उघडे होते आणि रंगमंचाच्या फळ्या झाडलेल्या होत्या, एवढे मात्र पाहिले.

ती जागा किती जुन्या परंपरेतली आहे, हे आमच्या मुलांना तुमच्यामुळे कळले. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा आणि केळशीची शांतादुर्गा गोव्यातल्याच अंत्रुज महालाच्या, म्हणजे आजच्या फोंडा भागाच्या, आश्रयाला आली, हे त्यांनी शाळेत वाचले होते. पण देवांच्या मागोमाग उत्सव आले, उत्सवांबरोबर कीर्तने, काले आणि नाटके आली, आणि देवळांच्या याच प्रांगणांतून गाणारी माणसे तयार झाली, ही साखळी त्यांना कोणी जोडून दाखवली नव्हती. मास्टर दीनानाथ १९०० साली आणि अभिषेकीबुवा १९२९ साली जन्मले ते एकाच मंगेशीत, हे ऐकल्यावर आमचा बलराम तालीम सोडून मंगेशीला जायला निघाला होता, हे आठवते का? किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ पुण्यात १८८२ साली रंगभूमीवर आले, असे मी सांगत असताना तुम्ही मध्येच म्हणालात, की सुभद्रेच्या कथेवर आमच्या गोव्यातल्या डोंगरीच्या कृष्णंभट बांदकरांनीही ‘नटसुभद्राविलास’ लिहिले आहे, ते विसरू नका. त्या दिवसापासून मुले त्या नाटकाकडे पाहुणे म्हणून पाहीनाशी झाली.

पण पत्र लिहायला घेतले ते त्या बॅटरीसाठी.

जत्रेच्या नाटकांना तुम्ही चाळीस वर्षे प्रॉम्प्टिंग केलेत, हे आम्हांला उशिरा समजले. विंगेत उभे राहून ज्या पत्र्याच्या बॅटरीच्या उजेडात तुम्ही संहिता वाचत होता, तीच घेऊन तुम्ही रोज तालमीला शेवटच्या बाकावर, खांबाला टेकून बसू लागलात. आमच्या प्रयोगात माइक नव्हता, तसा हट्टच होता. शब्द तुमच्यापर्यंत पोचला की मांडीवरची बॅटरी पेटलेली राही. पोचला नाही की विझे. ‘ऐकू येत नाही’ असे तुम्ही एकदाही ओरडला नाहीत. यापूर्वी आमच्याकडे आलेले दोन जाणकार मुलांना भर तालमीत इतके टाकून बोलले होते, की एक मुलगा पुन्हा फिरकलाच नाही; त्यामुळे त्या मुक्या उजेडाचे मोल मला अधिक कळते.

सुभद्रा झालेली आमची मुलगी गळ्याने तयार आहे, पण तान घेता घेता शब्दाचे शेवटचे अक्षर गिळते. त्यातून सप्टेंबरचा पाऊस कौलांवर कोसळू लागला की ती नुसती तोंड हलवताना दिसे. एका संध्याकाळी एकाच पदात बॅटरी अकरा वेळा विझली आणि ती रंगपटात जाऊन रडत बसली. तुम्ही तिथे आलात आणि एवढेच म्हणालात, की पेटती समई जपून खाली ठेवतात तसे शेवटचे अक्षर खाली ठेव, टाकू नकोस. मी संगीत नाटकावरची पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. त्यांतले इतके उपयोगी वाक्य मला आठवत नाही.

प्रयोगाच्या रात्री अग्रशाळा भरली होती, माणसे दारात उभी होती, आणि सुभद्रेच्या ज्या पदाची आम्हांला धास्ती होती, नेमके तेव्हाच बाहेर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. पोरे रडू लागली, खुर्च्या सरकल्या. ऑर्गनने सूर धरून ठेवला होता आणि ती गप्प उभी होती. मी विंगेतून पाहिले, तिची नजर थेट मागल्या बाकाकडे गेली. तिथे बॅटरी पेटली होती. आजूबाजूच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून तुम्ही काचेवर तळहात धरला होता, त्यामुळे बोटांच्या फटींतून दिसत होता तो केवळ लालसर ठिपका. ती गायला लागली. पद संपेपर्यंत तो ठिपका एकदाही विझला नाही. टाळ्या कशा पडल्या ते तुम्हीही ऐकलेत.

आपल्याकडे मदत करणारी माणसे बहुधा मदत दिसेल अशी करतात. फलकावर नाव लागते, शाल येते, छायाचित्र निघते. त्यातही वाईट काही नाही, शालीमुळे नाटके उभी राहिलेली आहेत. पण ज्याच्या मदतीचा उजेड मागे वळून पाहणाऱ्यालासुद्धा दिसू नये आणि जिला हवा तिलाच दिसावा, असा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

आणि आता एक तक्रार. सामान आवरून झाल्यावर मी तुम्हांला विचारले, की इतक्या गोंगाटात तुम्हांला मागे शब्द ऐकू आले का. तुम्ही मान हलवून म्हणालात, ‘पयल्या वळींतलें एकय उतर पावलें ना.’ पहिल्या ओळीतला एकही शब्द पोचला नव्हता! दोन महिने अर्ध्या अक्षरासाठीसुद्धा ज्यांनी दया दाखवली नाही, त्यांनी त्या रात्री न ऐकताच उजेड दाखवला. मग बॅटरी का विझवली नाहीत, असे मी विचारले, तर तुम्ही खिशात चाव्यांचा जुडगा शोधू लागलात. जुडगा तुमच्या हातातच होता.

आपली कृतज्ञ,
‘सौभद्र’ची तालीममास्तरीण