मंत्रीमहोदय, दीड वर्षाने आलेल्या दोन ओळींना हे उत्तर

माननीय मंत्रीमहोदय,

स.न.वि.वि.

मंगळवारी आपल्या कार्यालयाचं पत्र मिळालं. दीड वर्षापूर्वी गोव्यात वास्कोतल्या बैठकीत आपण आम्हा डायव्हवाल्यांना आणि मच्छीमारांना शब्द दिला होता, की वास्कोजवळच्या ग्रांद बेटाच्या आसपास कृत्रिम रीफसाठी, म्हणजे मासे-प्रवाळ वाढावेत म्हणून तळावर बसवायच्या जुन्या लोखंडी सांगाड्यांसाठी, जागा पाहू, पावसाच्या आधी सर्वेक्षण करू. दोन पावसाळे गेले. आता उत्तर आलं: ‘सदर विषय या खात्याच्या कक्षेत येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ कक्षेत नव्हता, तर माईक हातात घेऊन शब्द का दिलात?

मी वास्कोतल्या बायण्याचा. घराणं मूळचं वेंगुर्ल्याचं; आजोबा वास्कोत आले ते रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला. चौदा वर्षं मी लोकांना पाण्याखाली नेतोय. ऑक्टोबर ते मे, तेवढाच आमचा हंगाम. त्यात पाणी गढूळ निघालं तर तो दिवस गेला. सिलिंडरात हवा भरायच्या कंप्रेसरचा हप्ता मात्र बाराही महिने भरावा लागतो.

ग्रांदजवळचं ते जुनं बुडालेलं जहाज, ज्याला सगळे सुझीज रेक म्हणतात, त्याच्यावर किती भार पडतो ते एकदा येऊन बघा. जानेवारीतल्या एका रविवारी मी होड्या मोजल्या: चौदा. प्रत्येकीचा नांगर खाली, कुणाचा वाळूत, कुणाचा थेट जहाजाच्या पत्र्यावर. गेल्या मार्चमध्ये त्याच जहाजावर तुटलेलं नायलॉनचं जाळं अडकलेलं दिसलं. आत हातभर गोबरा, कल्ले उघडमीट करत होता. सुरीने एकेक फास कापत गेलो. मासा सुटला आणि सुरी माझ्याच अंगठ्यात शिरली. सात टाके पडले. तीन आठवडे सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडता आला नाही, ऐन हंगामात बुकिंगं परत केली. ते पैसे कुठल्या खात्याच्या कक्षेत येतात?

आम्ही काय मागतोय ते परत सांगतो, कारण बैठकीचा कागद बहुतेक कुणी वाचलेला नाही. आपल्या किनाऱ्यासमोरचा तळ बराचसा वाळूचा आणि चिखलाचा. शिनाण्यांना, स्पंजांना, प्रवाळाला धरून बसायला कठीण जागा लागते. समुद्रात तेल काढायच्या रिगचा खालचा पोलादी सांगाडा म्हणजे पाण्यात उभी केलेली जाळीच. वर्षा-दोन वर्षांत तो भरतो, मग लहान मासे येतात, त्यांच्या मागे गोबरे, तांबोशी. अमेरिकेत १९८४ मध्ये यासाठी कायदा झाला, आणि मेक्सिकोच्या आखातात पाचशेहून जास्त निवृत्त रिग रीफ म्हणून ठेवले गेले. कंपनीचा रिग पूर्ण काढून नेण्याचा खर्च वाचतो, त्यातला साधारण अर्धा भाग राज्याच्या रीफ निधीत जातो. मलेशियात साबाहच्या माबुल बेटाजवळ तर जुन्या रिगवरच डायव्हर राहतात आणि तिथूनच पाण्यात उतरतात.

आपल्याकडे रिग नाहीत असं नका सांगू. मुंबईसमोरच्या समुद्रात मुंबई हायला तेल सापडलं १९७४ मध्ये. तिथले जुने सांगाडे कधीतरी निघणारच. तिथली खोली पाऊणशे मीटरच्या घरात, ती आमच्या गिऱ्हाईकांची नव्हे. नवशिक्याला अठरा मीटरच्या खाली नेत नाहीत. म्हणून अख्खा रिग नको. तेल आणि विषारी रंग काढून, धुऊन साफ केलेले दोन-तीन तुकडे ओढून आणा आणि वीस-पंचवीस मीटरवर बसवा, म्हणजे वरचा भाग अठराच्या आत येईल. जागा आधी रापणकारांना आणि ट्रॉलरवाल्यांना विचारून ठरवा. जाळी अडकली तर नुकसान त्यांचं आहे, त्यांचा राग मी घरातच पाहिलाय.

माझ्या मूळ गावाचंच उदाहरण घ्या. नौदलाने २०२४ मध्ये सेवेतून काढलेली युद्धनौका आयएनएस गुलदार महाराष्ट्राने मिळवली. वेंगुर्ल्याच्या निवतीजवळ डायव्हरांसाठी ती पाण्याखाली बसवायची योजना त्यांनी जाहीर केली. आता मला फोन येतात, ‘गोव्यात उतरावं की सरळ मालवणला जावं?’ निम्मी गिऱ्हाईकं तरी तिकडे वळली असतील, बाकीची कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर जातात. मी काय सांगू त्यांना?

आणि गोव्याला जहाज म्हणजे काय ते ठाऊक नाही असंही नाही. २००० च्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस कांदोळीच्या वाळूत रुतली, ती हटायला बारा वर्षं लागली. तेवढ्या काळात किनारा खचला, निविदा निघाल्या, करार झाले, मोडले. बारा वर्षं गंजत पडलेल्या लोखंडाला वेळ होता, पैसा होता. नीट जागी बसवायच्या लोखंडासाठी मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायलाही दीड वर्ष लागतं. मत्स्य खातं म्हणतं पर्यटनाकडे जा, पर्यटन म्हणतं बंदराकडे, बंदर म्हणतं किनारी नियमन. मांडवीतल्या कॅसिनोंना मुदतवाढ देताना हा फेरा कधी आडवा येत नाही. मुरगावच्या कोळशाची भुकटी आमच्या सुकत घातलेल्या कपड्यांवर बसते, तेव्हा आम्ही कुणाच्या कक्षेत असतो? मत द्यायला जातो त्या दिवशी बरे आम्ही सगळ्यांच्याच कक्षेत येतो.

मंत्रीमहोदय, मला दोन गोष्टी लेखी हव्यात. हा विषय नेमका कुठल्या खात्याचा, आणि येत्या हंगामात सर्वेक्षण होणार की नाही. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ लिहा. कंप्रेसरचे अजून बावीस हप्ते बाकी आहेत, पुढच्या हंगामासाठी मला तो ठेवायचा की विकायचा ते ठरवायचं आहे.

आपला,
बायणा, वास्को येथील एक डायव्ह मास्टर