‘फॅन डायरेक्ट करून देतो!’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मारुती ८०० ही १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. गेल्या महिन्यात द्वारका चौकात वीसेक मिनिटं अडकलो आणि तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. पुढे आडगाव सोडलं, गाडी पळायला लागली, तसा आपसूक खाली आला. पळत्या गाडीच्या रेडिएटरला वारा पुरतो, उभ्या गाडीला पंखा लागतो. तोच फिरत नव्हता.

माझी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, इलेक्ट्रिकलला झाली. पण आता कंबर वाकत नाही, म्हणून गॅरेज गाठलं. मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, “काका, फॅन डायरेक्ट करून देतो. थर्मोस्टॅटपण काढू, आपल्याकडे त्याचं कामच नाही.” डायरेक्ट म्हणजे तापमानाचा स्विच वगळून थेट वायर, पंखा सतत फिरता. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.

गाडी तशीच घरी आणली. इंजिन गार झाल्यावर फ्यूज पाहिला, शाबूत. बॅटरीवरून मोटारीला थेट दोन वायरी लावल्या, पंखा भरारा फिरला. म्हणजे मोटार ठणठणीत. मग तापमानाच्या स्विचची जोडणी काढून तिथे वायरीचा तुकडा टाकला, चावी फिरवली; पंखा सुरू. म्हणजे पंख्याला वीज जोडणारा रिलेही निर्दोष. दोषी स्विच! खात्रीसाठी तो काढून चहाच्या पातेल्यात उकळला (सौ.चं पातेलं, पुढचं सांगत नाही). आपल्या नाशिकच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, एवढ्यात अशा स्विचने आतून जुळून वीज जाऊ द्यायलाच हवी. पण मल्टिमीटर गप्प, वीज जातच नव्हती. नवा स्विच चारशेच्या आत आला.

डायरेक्ट केलेला पंखा इंजिन गार असतानाही फिरतो, मोटारीचे ब्रश विनाकारण झिजतात. थर्मोस्टॅट काढला की डिसेंबरात इंजिन तापतच नाही, चोक (गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी खिटी) जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जातं. शिवाय मूळ दोष तसाच.

ज्याला गाडी आज रात्रीच घाटात न्यायची आहे, त्याची अडचण मला कळते. तात्पुरतं करा. पण गाडी पुढे विकली जाते आणि घेणाऱ्याला टेपखाली दडवलेली वायर दिसत नाही. तेव्हा गॅरेजवाल्यांना एवढीच विनंती : बिलावर ‘फॅन डायरेक्ट केला’ असं स्पष्ट लिहा आणि काढलेला थर्मोस्टॅट मालकाच्या हातात द्या.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी
जेलरोड, नाशिकरोड